अंदाज बरोबर, प्रश्न चुकीचा : जुनी विज्ञानकथा मासिकं आणि त्या दिवसांच्या बातम्या



विज्ञानकथेचं कौतुक करायची एक ठरलेली रीत आहे. ‘बघा, लेखकानं किती वर्षं आधी सांगून ठेवलं होतं!’ पाणबुडी सांगितली, चंद्रावरची स्वारी सांगितली, अणुबॉम्ब सांगितला. म्हणजे लेखक थोर का, तर त्याचं भाकीत खरं ठरलं म्हणून. माझं आजचं म्हणणं असं, की ही कसोटी ज्योतिषाला लावावी, साहित्याला लावू नये. आणि हे मी नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाही. एकाच मासिकातल्या दोन कथा घेऊ, त्या दिवसांची वर्तमानपत्रं शेजारी ठेवू आणि काय दिसतं ते पाहू.

मासिक आहे ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’. अमेरिकेतलं, संपादक जॉन कॅम्बेल. पहिली कथा क्लीव्ह कार्टमिल यांची, ‘डेडलाइन’, मार्च १९४४चा अंक. कथेत युरेनियम-२३५ वापरून केलेला बॉम्ब आहे. त्या वेळी लॉस अलामॉसला याच वस्तूवर अत्यंत गुप्तपणे काम चाललं होतं. कथा छापून आल्यावर लष्करी गुप्तहेर खात्याचा माणूस कॅम्बेलच्या कार्यालयात हजर झाला. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे, की विज्ञानकथेच्या जगात तिची दंतकथाच झाली. ‘कथाकारानं सरकारचं गुपित ओळखलं!’

आता वर्तमानपत्र उघडू. ५ मे १९४०. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर विल्यम लॉरेन्स यांची बातमी आहे, युरेनियम-२३५ आणि त्यातल्या प्रचंड ऊर्जेविषयी. अणुविभाजनाचा शोध तर १९३९च्या सुरुवातीलाच जाहीर झाला होता. म्हणजे कार्टमिल यांनी वापरलेलं सामान चव्हाट्यावरच पडलेलं होतं. कॅम्बेलनंही चौकशीत हेच सांगितलं, की ही माहिती छापील, उघड साहित्यातली आहे.

मग गुपित कुठे होतं? बातमीत नव्हतं, बातमी थांबण्यात होतं. १९४३च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सेन्सॉर कार्यालयानं संपादकांना कळवलं, की अणुऊर्जेविषयी, युरेनियमविषयी काही छापू नका. जो विषय १९४०मध्ये पहिल्या पानावर होता तो गप्प झाला. नुसता अंक वाचला तर कार्टमिल द्रष्टे वाटतात. शेजारी वर्तमानपत्र ठेवलं तर कळतं, की ते भविष्य सांगत नव्हते. बाकीच्यांनी बोलणं बंद केल्यावरही ते बोलत राहिले होते. या दोन गोष्टींत फार फरक आहे.

इथे एक कामाची सूचना. अंकावर जो महिना छापलेला असतो त्या महिन्याच्या बातम्या उघडून बसू नका. ही मासिकं छापील महिन्याच्या आधीच विक्रीला यायची. शिवाय ‘डेडलाइन’बद्दल लेखक-संपादकांचा पत्रव्यवहार १९४३च्या ऑगस्टमधला आहे. म्हणजे एका कथेला तीन तारखा असतात. लिहिल्याची, दुकानात आल्याची आणि मुखपृष्ठावरची. लेखकाच्या मनात काय होतं हे पहिली सांगते, वाचकानं कशाच्या सोबतीनं वाचलं हे दुसरी. तिसरी बहुतेक वेळा फसवते.

आणि शेजारी ठेवलं म्हणजे नातं जुळलं, असंही नाही. ‘अमेझिंग स्टोरीज’चा पहिला अंक एप्रिल १९२६चा. रॉबर्ट गॉडर्ड यांचं द्रवइंधनाचं पहिलं रॉकेट उडालं १६ मार्च १९२६ला. केवढा योगायोग! पण तो योगायोगच. अंक तेव्हा छापून झालेला होता आणि गॉडर्ड यांनी त्या उड्डाणाचा गाजावाजा केलाच नव्हता. काकतालीय न्याय आपल्याकडे शाळेपासून शिकवतात, तो इथेही लक्षात ठेवायचा.

आता मुख्य मुद्दा. ब्रिटिश तत्त्वज्ञ कॉलिंगवूड यांनी १९३९च्या आत्मचरित्रात एक साधी, पण पचायला जड गोष्ट मांडली आहे. कुठलंही विधान समजून घ्यायचं तर ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे आधी शोधावं लागतं. कथेलाही हे लागू करू या. ‘डेडलाइन’ कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे?

कथेतल्या दोन पक्षांची नावं आहेत सिक्सा आणि सेइला. इंग्रजीत उलटी वाचा, ॲक्सिस आणि ॲलाइज, म्हणजे शत्रुराष्ट्रं आणि दोस्तराष्ट्रं. बॉम्ब आहे शत्रूकडे, सिक्साकडे. नायक सेइलाचा हेर, त्याचं काम तो बॉम्ब निकामी करणं. तेव्हा कथेचा प्रश्न झाला, ‘दुष्टांच्या हातात हे अस्त्र पडलं तर?’ आणि प्रत्यक्षात त्याच महिन्यांत बॉम्ब कोण बनवत होतं? आपलेच लोक. ज्या कथेनं युरेनियमचा आकडा बरोबर सांगितला, तिनं अस्त्राचा मालक नेमका उलटा सांगितला. नावं उलटी करून लेखकानं गंमत केली, पण नैतिक बाजू उलटून पाहिली नाही.

दुसरी कथा तीन वर्षं आधीची. मे १९४१, ‘सोल्युशन अनसॅटिस्फॅक्टरी’. रॉबर्ट हाइनलाइन यांनी ती अँसन मॅकडोनल्ड या टोपणनावानं लिहिली. पर्ल हार्बर अजून व्हायचं होतं, अमेरिका युद्धात नव्हती. यातलं विज्ञान भाकीत म्हणून चुकलंच. बॉम्ब नाही, किरणोत्सारी धूळ आहे. पण ती धूळ टाकतो कोण? आपलाच पक्ष, बर्लिनवर. युद्ध संपतं आणि खरी पंचाईत तिथे सुरू होते. हे अस्त्र आता ठेवायचं कोणाच्या हाती? सगळ्या जगावर पहारा ठेवायचा तर पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा? कथा उत्तर देत नाही. शीर्षकातच सांगते, की तोडगा समाधानकारक नाही.

६ ऑगस्ट १९४५ची हिरोशिमाची बातमी या दोन्ही कथांशेजारी ठेवून बघा. कार्टमिल यांची कथा त्या दिवशी खरी ठरली आणि त्याच क्षणी वाचून संपली. हाइनलाइन यांची कथा त्या दिवशी चुकली आणि खरी वाचायला घ्यावी अशी झाली. तिचा प्रश्न आज, अण्वस्त्रं असलेल्या देशात राहणाऱ्या तुमच्या-माझ्यापुढेही तसाच आहे.

कुणी म्हणेल, सर, हे म्हणजे तुम्ही दुसऱ्या प्रकारचं भाकीतच मोजताय. यंत्राच्या अंदाजाऐवजी प्रश्नाचा अंदाज. आक्षेप वाजवी आहे. पण मी हाइनलाइनना गुण देतो ते पुढचं दिसलं म्हणून नाही. १९४१च्या वर्तमानपत्रात जर्मनी जिंकत चाललेला दिसतो. अशा वेळी वाचकाला हवं असतं ते ‘आपण जिंकू’ एवढंच आश्वासन. ते देऊनही हाइनलाइन पुढे विचारतात, ‘जिंकल्यावर आपण कोण होऊ?’ ही दूरदृष्टी नव्हे, हा त्या दिवशीचा प्रामाणिकपणा आहे. आणि तो किती अवघड होता हे त्या दिवशीची बातमी वाचल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडेही हा अभ्यास करता येईल. १९७४ साली जयंत नारळीकरांच्या ‘कृष्णविवर’ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. कथा त्यांनी टोपणनावानं पाठवली होती. त्याच वर्षी १८ मेला पोखरणची चाचणी झाली. यात कार्यकारण शोधू नका. पण त्या काळातल्या मराठी विज्ञानकथा काढा, त्या आठवड्यांची मराठी दैनिकं ग्रंथालयात बसून उलटा आणि एवढंच टिपून ठेवा : बातमी कुठे गप्प आहे, कथा कुठे गप्प आहे. दोघीही जिथे गप्प असतील, तिथे त्या काळाची खरी भीती असायची शक्यता असते.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.