किल्ली कुणाकडे?

२०१५ पासून महाराष्ट्रात १५ ऑक्टोबर, म्हणजे अब्दुल कलामांचा जन्मदिवस, ‘वाचन प्रेरणा दिन’ झाला. बाळगोपाळांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांच्या हाती पुस्तक. फोटो निघाला की पुस्तक परत कपाटात! सोळा तारखेला प्रेरणा असते, किल्ली नसते.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९ मध्येच हे ओळखलं. त्यांच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’त पुस्तकांची पेटीच वाचकांकडे येते, वाचून झाली की पुढच्या गटाकडे जाते. २०१७ मध्ये साताऱ्याच्या भिलारने तर पुस्तकांना घरोघरी पाहुणचार केला.

जालना जिल्ह्यातली वडीगोद्री सोलापूर-धुळे हमरस्त्यावर. या भागातली मोसंबी कुठं कुठं जाते. मग एक पेटी इकडे यायला काय हरकत? फोटो खुशाल काढा. फक्त कुलूप तेवढं आणू नका!