उड्डाणाचे कौतुक आणि देखभालीचे मौन : मराठी विमानकथांचे एक वाचन

मराठीत विमानाविषयी जे लिहिले गेले ते प्रामुख्याने उड्डाणाविषयी लिहिले गेले. विमान जमीन सोडते त्या क्षणी लेखकाचा उत्साह शिगेला पोहोचतो आणि बहुधा तेथेच लेखन थांबते. वस्तुतः विमानाचे खरे आयुष्य त्यानंतर सुरू होते. हलक्या विमानाच्या पिस्टन इंजिनावरचे आवरण ठरावीक तासांनी, साधारणतः पन्नास व शंभर तासांच्या टप्प्यांवर, काढले जाते. पट्टे, तारा, गाळण्या, नळ्या तपासल्या जातात. तपासणारा नोंदवहीत सही करतो आणि मगच विमान पुन्हा उडते. या कामाला आपल्या विमानकथांत कोणते स्थान मिळाले, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी मुंबई परिसरातील तीन सुपरिचित कथा इंधन आणि विद्युत चार्जिंग या दोन व्यवस्थांच्या अंगाने वाचून पाहिल्या आहेत. इंजिन चालते ते इंधनावर, आणि ते किती काळ निर्वेधपणे चालेल याची पहिली सूचना पुष्कळदा विजेच्या काट्यावर उमटते, म्हणून या दोन व्यवस्था निवडल्या.

पहिली कथा शिवकर बापूजी तळपदे यांची. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर त्यांनी मानवरहित विमान उडवले, असे सांगितले जाते. समकालीन भक्कम पुरावा नसतानाही ही कथा शतकाहून अधिक काळ टिकली. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि त्याच महिन्यात तळपद्यांच्या आयुष्यावर बेतलेला 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपटही प्रदर्शित झाला. या आख्यायिकेला आधार म्हणून ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला दिला जातो, त्याची चिकित्सा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच केली होती. ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे १८९५ च्या घटनेला आधार देणारा ग्रंथ त्या घटनेनंतरचा ठरतो. मात्र आपल्या दृष्टीने अधिक बोलका तपशील वेगळाच आहे. कथेच्या अनेक आवृत्त्यांत विमान पाऱ्यावर चालते. पारा कोठे साठवला होता, कोणत्या नळीतून गेला, तापवला कशाने, त्याच्या विषारी वाफेचे काय झाले, हे कोणतीही आवृत्ती सांगत नाही. इंधन आहे, पण इंधनव्यवस्था नाही. माझ्या मते या कथेचे मिथकपण ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे. मिथकातील यंत्राला टाकी, झडप आणि गाळणी लागत नाही.

दुसरी कथा खरी आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले. विमानात रेडिओ नव्हता, त्यामुळे विजेचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. प्रश्न होता इंधनाचा. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले गेले, ही आठवण पुष्कळांनी सांगितली आहे आणि ती बहुतेकदा गमतीचा तपशील म्हणून येते. परंतु डब्यातील पेट्रोल मऊ कातड्यातून गाळून टाकीत ओतण्याची त्या काळची रीत होती, कारण अशा कातड्यातून पेट्रोल झिरपते आणि पाणी मागे राहते. बैलगाडीचे चित्र सर्वांच्या लक्षात राहिले. गाळण्याची क्रिया, जिच्यावर वैमानिकाचा जीव अवलंबून होता, ती मात्र कथेतून गळाली. या सेवेच्या आरंभीच्या चमूत अर्धवेळ काम करणारा एक अभियंता आणि दोन शिकाऊ मेकॅनिक होते, असे सांगितले जाते. पहिल्या वर्षाच्या वक्तशीरपणाचे कौतुक आजही होते. त्या वक्तशीरपणाचे श्रेय या दोन शिकाऊंकडे किती जाते, याचा विचार करणारे मराठी लेखन निदान माझ्या पाहण्यात नाही. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात बुडे आणि मुक्काम पुण्याला हलवावा लागे. दरवर्षीच्या या हलवाहलवीत विमाने कोणी सांभाळली असतील, याचा अंदाज कोकणपट्टीतल्या वाचकाला सहज करता येईल.

तिसरी कथा आपल्या जिल्ह्याशी येऊन भिडते. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिले. २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली, २०१८ मध्ये पालघर जिल्ह्यात विमाननिर्मितीसाठी राज्य शासनाबरोबर पस्तीस हजार कोटी रुपयांच्या सामंजस्य कराराची घोषणा झाली, २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना आला आणि २०२० मध्ये धुळ्यात चाचणी झाली. यादवांची चिकाटी असामान्य आहे, याविषयी दुमत नसावे. त्यांच्यावरील वार्तांकन हे मात्र मराठी विमानकथेचे जुने वळण सोडत नाही. गच्ची, क्रेन, कर्ज, परवान्यासाठीच्या खेपा आणि नोंदणीची अक्षरे हे सारे रंगवून येते. इंजिन कोणते, अल्टरनेटर किती अँपिअरचा, टाक्या पंखात की अन्यत्र, हे विचारणारा वार्ताहर विरळा. पालघरमध्ये विमाने तयार होणार, ही बातमी झाली. ती विमाने समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत आणि दोन हजार मिलिमीटरहून अधिक पावसात सांभाळणार कोण, याचा त्या बातमीत मागमूस नव्हता.

आता त्या दोन व्यवस्थांकडे थोडे सावकाश पाहू. पारंपरिक पिस्टन इंजिनाची ठिणगी मॅग्नेटोतून येते. मॅग्नेटो दोन असतात, प्रत्येक सिलिंडरला प्लगही दोन, आणि हा सारा संसार बॅटरीपासून स्वतंत्र असतो. त्यामुळे अल्टरनेटर बंद पडला तरी इंजिन बंद पडत नाही. पट्टा सैल होतो, ब्रश झिजतात, जोडणीवर हिरवट गंज चढतो. अँमीटरचा काटा उणे बाजूला सरकतो, एखादा दिवा लागतो, आणि वैमानिकाचे लक्ष नसेल तर साधारण अर्ध्या तासात बॅटरी उतरून रेडिओ मूक होतो. अल्टरनेटरला चुंबकत्व निर्माण करण्यासाठी आरंभी बॅटरीचाच प्रवाह लागतो, म्हणून पार उतरलेली बॅटरी घेऊन केवळ इंजिन फिरवल्याने चार्जिंग सुरू होईलच असे नाही. हा बिघाड हळू आणि बिनआवाजी असतो.

इंधनाचे तसे नाही. विमानाचे १०० एलएल पेट्रोल निळे असते आणि पाण्याहून हलके. टाकीतले पाणी तळाशी बसते. म्हणून दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यानंतर तळाच्या झडपेतून पारदर्शक पेल्यात नमुना काढतात. नवख्याची गफलत येथेच होते. नमुन्यात थोडे पाणी असेल तर दोन थरांमधली रेघ दिसते. संपूर्ण पेला पाण्याचाच असेल तर रेघ दिसतच नाही आणि नमुना स्वच्छ वाटतो. तेव्हा पाहायची असते ती निळाई. टाकीच्या झाकणाचे रबर कडक झाले की पाऊस आत झिरपतो. अर्धी टाकी रात्रभर दमट हवेत उभी राहिली की भिंतीवर दव धरते. हवा आत घेणाऱ्या नळीत कुंभारीण माशीने घर केले तर टाकी भरलेली असूनही पेट्रोल पुरेसे येत नाही. कार्बोरेटरमधले बर्फ तर आपल्याकडील वाचकाला अतिशयोक्तीच वाटेल. परंतु हवा दमट असेल आणि वैमानिकाने वेग कमी केला असेल तर बाहेर वीस-पंचवीस अंश तापमान असतानाही, पेट्रोलच्या बाष्पीभवनाने आतली हवा गोठणबिंदूखाली जाऊन बर्फ धरते. पावसाळा सरतानाच्या वसईतील सकाळ यासाठी पुरेशी आहे.

या दोन व्यवस्थांमधील अंतर नव्या इंजिनांनी कमी केले आहे. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन असलेल्या रोटॅक्स ९१२ आयएससारख्या इंजिनात पेट्रोलचे पंप आणि नियंत्रण दोन्ही विजेवर चालतात. तेथे वीज संपणे म्हणजेच इंधन थांबणे. म्हणून उत्पादकाने जनित्राच्या दोन स्वतंत्र वाटा दिल्या आहेत. 'चार्जिंग गेले तरी इंजिन चालते' हे जुने आश्वासन अशा विमानात लागू पडत नाही. देखभाल करणाऱ्याला दोन्ही पिढ्यांची इंजिने कळावी लागतात.

हे सारे केवळ तांत्रिक कुतूहल नव्हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने कोसळली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचे प्रशिक्षण स्थगित केले. अशा वेळी आपली भाषा 'थोडक्यात बचावले' आणि 'तांत्रिक बिघाड' या दोन शब्दप्रयोगांपलीकडे जात नाही. 'तांत्रिक बिघाड' हा शब्द स्पष्टीकरण देत नाही, तो स्पष्टीकरण मागण्याची गरज संपवतो.

मराठीला हे लिहिता येत नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'त (१९१५) गावाची आउते कोण दुरुस्त करतो आणि त्याबद्दल त्याला काय मिळते, याचा हिशेब आहे. 'किर्लोस्कर' मासिकाचा जन्म १९२० मध्ये कारखान्याच्या खबरपत्रातून झाला. पुढे मासिक वाङ्मयीन झाले आणि कारखाना मागे पडला. या प्रवासाला आपण प्रगती म्हणत आलो, त्यातील हानीचा हिशेब मात्र मांडला नाही. शब्दांचीही उणीव नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश एका बाजूला आहेत. दुसऱ्या बाजूला वसई पूर्वेच्या वालीव, गोखिवरे, सातिवली पट्ट्यातील गाळ्यांत आणि विरारच्या गॅरेजांत 'बॅटरी उतरली', 'चार्जिंग धरत नाही', 'अर्थिंग सुटले', 'पेट्रोलमध्ये पाणी आले', 'कार्बोरेटरमध्ये कचरा बसला' ही नेमकी निदाने रोज उच्चारली जातात. पहिल्या शब्दांना अधिकृतता आहे, दुसऱ्यांना वापर आहे. आमच्या वर्गातील अनेक विद्यार्थी दुसरी भाषा घरातून घेऊन येतात आणि ती अभ्यासाबाहेरची आहे, असे समजून दाराशीच ठेवतात. त्यांतील एखादा पुढे विमान देखभालीच्या परवान्याकडे वळला तर पुस्तके व परीक्षा इंग्रजीतून असतात आणि हातातले ज्ञान कोणत्या शब्दाशी जोडायचे, हे त्याला नव्याने शोधावे लागते.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे आणखी एक संहिता उपलब्ध आहे, ती म्हणजे विमानाची नोंदवही. दिनांक, उड्डाणाचे एकूण तास, सापडलेला दोष, केलेली दुरुस्ती, सही आणि परवाना क्रमांक एवढाच तिचा ऐवज. विशेषण नाही, नायक नाही, आणि सही करणारा प्रत्येक वाक्यासाठी कायद्याने उत्तरदायी. चरित्र, आत्मकथन आणि दैनंदिनी यांचे आकृतिबंध आपण शिकवतो. त्यांच्या शेजारी अशा नोंदवहीची चार पाने ठेवून पदव्युत्तर वर्गात वाचली, तर 'निवेदक' आणि 'विश्वसनीयता' या संज्ञांवर वेगळी चर्चा होऊ शकेल. त्याचबरोबर मराठी विभाग आणि परिसरातील तंत्रनिकेतने यांनी मिळून गाळ्यांतील आणि गॅरेजांतील दुरुस्तीच्या शब्दांचा संग्रह करावा. इंधन आणि चार्जिंग या दोनच व्यवस्थांपुरता तो आरंभी मर्यादित ठेवला, तरी एका शैक्षणिक वर्षात पूर्ण होण्याजोगा आहे.