न फुटलेली धार

पावसाळ्यात कोयनेचे वक्र दरवाजे उचलले की कोयनानगरला गर्दी लोटते. पांढराशुभ्र फेस, कानठळ्या, अंगावर तुषार. देखावा भव्यच. पण तो फेस म्हणजे पाण्याची वाया जाणारी ताकद. ती भोवऱ्यांत घुसळून निघते आणि शेवटी किंचितशा उष्णतेत विरून जाते. कोयनेच्या पाण्याचं अस्सल सौंदर्य बघायचं तर सह्याद्रीच्या पोटात, पोफळीच्या भूमिगत वीजघरात पेल्टन चाकावर येणाऱ्या धारेकडे वळायला हवं. 1962 पासून ती वीज देते आहे. लोखंडी आवरणात कोंडलेली असल्यानं ती कुणाला दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी लिहायचं.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी अधिजल भुयारातून, दाबाचे हेलकावे झेलणाऱ्या उल्लोळ विहिरीपाशी येतं आणि तिथून सुमारे 475 मीटर खाली उतरतं. नोझलच्या तोंडाशी सगळा दाब वेगात बदलतो: सेकंदाला 90 मीटरहून जास्त, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात. एवढ्या वेगाची धार उत्तम असेल तर ती काचेच्या कांबीसारखी दिसते, गुळगुळीत आणि भरीव. बिघडलेली धार आधी खरबरीत होते, मग तिच्यात हवा शिरते, ती पसरते आणि चाकावर आपटताना थडथडते.

बिघाडाचं मूळ मात्र मागे असतं. नळ वळला की पाण्याला आडवा पीळ बसतो आणि तो पीळ नोझलपर्यंत सोबत येतो. म्हणून वळणं सौम्य ठेवायची, तोंडाकडे नळ हळूहळू निमुळता करायचा. वेग वाढत गेला की आतली खळबळ त्या मानानं क्षीण होते. शेवटचा हात नोझलमधल्या सुईचा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीचा माथा कणाकणानं घासतो, तसंच इथे सुई आणि तिच्या बैठकीचं आहे. गाळाच्या कणांनी सुईवर बारीक चरा पाडला, की तो चरा धारेवर उमटलाच.

सुईचा संयमही पाहण्याजोगा. विजेची मागणी अचानक पडली तरी ती झटकन मिटत नाही, कारण तसं केलं तर वरचा पाण्याचा स्तंभ नळाला घणासारखा हाणेल. आधी डिफ्लेक्टर धारेला चाकावरून बाजूला वळवतो, मग सुई सावकाश पुढे सरकते.

आणि चाकावरची बकेट! लेस्टर पेल्टननं 1880 मध्ये पेटंट घेतलेली ही जोड-वाटी मला यंत्रकलेतली सर्वांत देखणी वस्तू वाटते. मधली कड पाण्याला दुभागते आणि दोन्ही भाग जवळपास उलटे वळून बाहेर पडतात. चाक धारेच्या साधारण निम्म्या वेगानं फिरत असतं, त्यामुळे सुटणाऱ्या पाण्यात वेग जवळपास उरतच नाही. ताशी सव्वातीनशेनं आलेलं पाणी सगळं देऊन नुसतं खाली गळतं आणि अवजल बोगद्यानं निघून जातं.

विमानाच्या जेटला असं न फुटता राहण्याचं भाग्य नाही. पाणी हवेच्या सुमारे 800 पट जड, म्हणून धार थोडं अंतर एकसंध राहू शकते. हवेतला हवेचा झोत मात्र लगेच भोवतालच्या हवेत मिसळतो आणि त्या मिसळण्यातूनच गर्जना उठते. ब्रिटिश गणितज्ञ लाइटहिलनं 1952 मध्ये दाखवलं की या आवाजाची शक्ती वेगाच्या आठव्या घातानं वाढते. वेग निम्मा केला तर ती 256 पटींनी घटते. म्हणून आजची इंजिनं जास्त हवा कमी वेगानं फेकतात, काहींच्या काठाला करवतीसारखे दातेही असतात. मोठे भोवरे घडण्याआधीच ते मोडायचे, एवढाच त्यांचा उद्देश. पोफळीची धार त्याही पलीकडची: तिथे मिसळणंच टळलेलं आहे.

हे कौतुक नुसतं डोळ्यांचं नाही. 1 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पोफळीला उतरलं की तीन कोटींहून जास्त युनिट वीज होते. पोफळीकडे, म्हणजे पश्चिमेला वळवायच्या पाण्याला कृष्णा लवादानं वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. उरलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या पंपांवरून सांगलीच्या दुष्काळी शिवारात चढतं. बिघडलेल्या धारेमुळे वीज एका टक्क्यानं घटली, तर तेवढीच वीज मिळवायला दर टीएमसीमागे सुमारे 28 कोटी लिटर पाणी जास्त लागतं. धार नितळ असेल, तर तेच पाणी पूर्वेला सोडता येतं.