लुगडं नेसलेला पोरगा

परवा एका एकांकिका स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडीकडच्या पोरांचा प्रयोग पाहिला. नंतर परीक्षक मुख्य नटाला म्हणाले, "अंगातलं सोंगी भजन आधी काढून टाक, मग नट होशील." पोरगा मान खाली घालून "होय सर" म्हणाला. तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा त्याचा आवाज, पेटी थांबल्यावरही न मोडणारी लय, पदर सावरताना खांद्यापासून बदलून जाणारा हात, हे सगळं त्याला सोंगी भजनानंच दिलं होतं.

गौरी-गणपतीला मुंबईचे चाकरमानी गावी येतात, तेव्हा बांबवडे-मलकापूरच्या आसपासच्या वाड्यांत देवळापुढं सोंगी भजनाचा फड रंगतो. टाळ, पखवाज, पेटी. अभंग झाला की सोंग. दारुडा नवरा आणि त्याची बायको हे ठरलेलं सोंग. बायको होतो गावातलाच पोरगा. समोर मांडी घालून बसलेल्यांत खराखुरा दारुडाही असतो, त्याची आई असते, मार खाणारी बायको असते. सोंग बेतलंय कुणावर, हे सगळ्यांना ठाऊक. सकाळी दूध घालायला डेअरीवर त्याच माणसाशेजारी उभं राहायचंय, हे माहीत असून तो पोरगा लुगडं नेसतो आणि मार खातो. नाटकातल्या धैर्याची याहून कडक परीक्षा मला माहीत नाही.

पोरानं बाई होऊन तिचं दुःख मांडणं कोल्हापूरला नवं वाटायचं कारण नाही. देवलांचं 'संगीत शारदा' १८९९चं, जरठ-कुमारी विवाहावरचं. १८९० साली कोल्हापुरात गरीब घरात जन्मलेले केशवराव भोसले लहानपणीच नाटक कंपनीत गेले आणि शारदेच्या भूमिकेनं नावारूपाला आले. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचं दुःख प्रेक्षकांनी ऐकलं ते एका पोराच्या गळ्यातून.

सत्यशोधक जलसेवाल्यांनी तमाशाचा बाज उचलला आणि भटशाही, सावकारी चव्हाट्यावर आणली. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशानंही तेच केलं. तमाशा अंगातून काढून टाका, असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर?

अलीकडच्या कामात मला मोलाचा वाटतो तो जालन्याचा धागा. मकरंद साठे यांचं माहितीच्या अधिकाराच्या लढ्यावरचं 'दलपतसिंग येती गावा' अतुल पेठे यांनी जांबसमर्थच्या गावकऱ्यांना घेऊन केलं. पुण्यातला दिग्दर्शक गावात गेला, म्हणून ते नाटक उभं राहिलं. त्याच मातीतले राजकुमार तांगडे यांनी २०१२ साली 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' लिहिलं, नंदू माधव यांनी बसवलं. त्यामागे संभाजी भगत यांची शाहिरी आणि कोल्हापूरच्या गोविंद पानसऱ्यांची 'शिवाजी कोण होता?' ही पुस्तिका. शेती करणारे नट पोवाड्याच्या सामन्यातून शिवाजी कुणाचा हे विचारतात, तेव्हा तो प्रश्न त्यांच्या घरातला असतो. पुस्तिका कोल्हापूरची असताना असं नाटक कोल्हापुरातून का आलं नाही, हे मला खुपतं.

शहरी 'सामाजिक' नाटकांत दिवाणखान्याचा रंग तेवढा बदलतो. सरकारी योजनांची पथनाट्यं ही घोषणांची पाटी. नट कुणीही चालतो, कारण त्याचं काहीच पणाला लागलेलं नसतं.

आणि माझं भांडण नेमकं इथंच आहे. समाज बदलणारं नाटक हवं म्हणून भाषणं करायची, पारितोषिकं ठेवायची, आणि ज्याच्या अंगात ते आधीच आहे त्याला शहरी उच्चार आणि तोललेल्या हालचाली शिकवून पुसून टाकायचं, हा कसला रंगभूमीचा विकास? ८ ऑगस्ट २०२४ला, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळालं तेव्हा सारं कोल्हापूर हळहळलं. मीही रडलो. ते पुन्हा दिमाखात उभं राहिलंच पाहिजे. पण त्या रंगमंचावर शाहूवाडीच्या पोराला त्याचं लुगडं बाहेर ठेवून यावं लागणार असेल, तर तिथं केशवरावांचं नाव कशासाठी?

स्पर्धेची एक फेरी तिकडं देवळाच्या अंगणात घ्या. परीक्षकांना खुर्ची देऊ नका, गावासोबत खाली बसवा. पहाटे फड उठेल, तेव्हा त्या पोराच्या अंगातून काय काढून टाकायचं ते त्यांनी सोंग बघायला बसलेल्या बायकांसमोर सांगावं.