आडोसा आणि लपण

खेळाचे नियम हाही वाङ्मयाचा एक प्रकार आहे, असे म्हटले तर पुष्कळांना ते पटणार नाही. परंतु नियम लिहिणाऱ्यालाही शब्द तोलून घ्यावे लागतात. कवीचा शब्द चुकला तर एक ओळ बिघडते. नियमकाराचा शब्द चुकला तर चार भावंडे एकमेकांवर रुसून पाटावरून उठतात. या दृष्टीने एका विदेशी खेळाच्या नियमग्रंथांची, आणि विशेषतः त्यांतील एका लहानशा प्रकरणाची, येथे समीक्षा करावयाची आहे.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाचा हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस किंवा परदेशी गेलेल्या आपल्या मुलांपैकी काहींच्या तोंडून वाचकांनी त्याचे नाव ऐकले असेल. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येक जण एका कल्पित पात्राची भूमिका घेतो: कोणी योद्धा, कोणी धनुर्धर, कोणी मांत्रिक. एक जण सूत्रधार होतो. तो अरण्याचे, गुहेचे, शत्रूचे वर्णन करतो आणि निवाडाही तोच देतो. बाण लागला की चुकला हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते. ज्याच्यावर बाण सोडला त्याचा एक संरक्षणांक असतो. फाशावरील दान आणि नेमबाजाचे कौशल्य यांची बेरीज त्या अंकाइतकी किंवा त्याहून अधिक झाली, तर बाण लागला. नाटक, कथाकथन आणि द्यूत यांचा हा संगम आहे, मात्र पैसा लावण्याची गोष्ट त्यात नाही.

आपला प्रश्न असा आहे: ज्याच्यावर बाण सुटला आहे, तो कशाच्या तरी मागे असेल तर काय करावे?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. सारीपाटावर फुली मारलेल्या घरात बसलेली सोंगटी मारता येत नाही. ती सर्वांना दिसते, तरी तिला कोणी हात लावू शकत नाही. लपंडावात याच्या अगदी उलट असते. कणगीमागे बसलेले मूल दिसत नाही तोपर्यंतच सुरक्षित. दिसले की त्याचा डाव संपला. पहिल्या खेळात रक्षण आहे, दुसऱ्यात अदर्शन आहे. बोलताना आपण दोन्हींस सरसकट 'आडोसा' म्हणतो. या लेखापुरता मी भेद करतो. वारा, पाऊस, बाण यांना जो अडवतो तो आडोसा. केवळ नजरेला जे अडवते ते लपण.

अहिल्यानगरच्या, म्हणजे आपल्या जुन्या बोलण्यातील नगरच्या, माणसाला हा भेद समजावून सांगण्याची गरज पडू नये. १८०३ च्या ऑगस्टमध्ये जनरल वेलस्लीने शिंद्यांकडून नगरचा किल्ला घेतला. त्या काळच्या वर्णनात किल्ल्याचे चोवीस बुरूज आहेत, दगडाने बांधलेला खंदक आहे आणि त्या खंदकात सभोवार माजलेले उंच लव्हाळेही आहेत. जवळून, सुमारे ६० यार्डांवरून, एक ओढा जात होता. त्याचे पात्र तटावरून दिसत नव्हते आणि त्यावरील जुन्या जलवाहिनीच्या बांधकामाखाली हल्लेखोरांची मोठी तुकडी थांबू शकली असती. लव्हाळ्यात उभा असलेला शिपाई दिसत नाही, परंतु गोळी लव्हाळ्यातून आरपार जाते. बुरुजावरील कठड्यामागचा शिपाई अर्धा दिसतो, परंतु गोळी दगडावर आपटते. ओढ्याच्या पात्रात उतरलेल्याला दोन्ही लाभ मिळतात. एकाच किल्ल्याच्या परिसरात तिन्ही प्रकार आहेत. आजचे उदाहरण हवे असेल तर संगमनेर-अकोल्याकडील ऊस पाहावा. बिबट्या उसात राहतो, पिलेही तेथेच वाढवतो. पुढल्या सरीत कोण आहे ते ऊसतोड करणाऱ्या बाईला दिसत नाही. पण उसाचे कांडे म्हणजे भिंत नव्हे, हे तिला पक्के ठाऊक असते.

आता नियमग्रंथांकडे वळू. या खेळाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत आडोसा आणि लपण यांची स्वतंत्र कोष्टके आहेत. पाव अंग आडोशात असेल तर नेमबाजाच्या दानातून २ वजा होतात, अर्धे असेल तर ४, पाऊण असेल तर ७ आणि जवळजवळ सर्व असेल तर १०. लपणासाठी हेच आकडे अनुक्रमे १, २, ३ आणि ४ आहेत. म्हणजे लपणाची किंमत आडोशाच्या निम्मी किंवा त्याहून कमी धरली आहे. भेद ओळखला आहे, हे श्रेय या ग्रंथाला दिले पाहिजे. पण तो भेद केवळ प्रमाणाचा मानला आहे. लपण म्हणजे जणू पातळ भिंत!

२००३ सालच्या सुधारित तिसऱ्या आवृत्तीने येथे खरी समज दाखवली. आडोशामुळे संरक्षणांकात ४ मिळवायचे. लपणासाठी मात्र बाण लागल्यानंतर वेगळा फासा टाकायचा. साध्या लपणात शंभरातून वीस वेळा आणि पूर्ण लपणात पन्नास वेळा तो बाण फुकट जातो. वरवर पाहता हा उगाच वाढवलेला खटाटोप वाटेल. उदाहरण घेतले की त्यातील मर्म ध्यानात येते. सामान्य धनुर्धराला उघड्यावरील शत्रूला टिपण्यासाठी फाशावर १० हवेत असे समजा. त्याची संधी शंभरात ५५ आहे. आडोशामुळे त्याला १४ लागतील आणि संधी ३५ वर येईल. परंतु अतिनिष्णात धनुर्धराला हे चार गुण जाणवणारही नाहीत. फाशावर १ पडला तरच त्याचा नेम चुकेल. त्याची शंभरातील ९५ ची संधी आडोशापुढेही ९५ च राहते. तोच धनुर्धर धुक्यात बाण सोडू लागला की पाचांतला एक बाण वाया जाऊन संधी ७६ वर उतरते. याचा अर्थ असा: कौशल्याच्या बळावर खिडकीच्या फटीतून नेम साधता येतो, कौशल्याच्या बळावर धुक्यातून पाहता येत नाही. गणिताच्या दोन ओळींत माणसाच्या मर्यादेविषयी इतके खरे विधान क्वचितच वाचायला मिळते.

२०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीने सुटसुटीतपणासाठी हे वैभव टाकून दिले. अर्धा आडोसा असेल तर २, पाऊण असेल तर ५ आणि पूर्ण आडोशामागील व्यक्तीवर थेट नेम धरताच येत नाही. हे सर्व ठीक आहे. न दिसणाऱ्यावर बाण सोडताना दोन फासे टाकून लहान दान घ्यायचे, हेही योग्य. परंतु ज्याला आपण दिसत नाही त्याच्यावर बाण सोडताना दोन फाशांतील मोठे दान घ्यायचे, असाही नियम आहे, आणि हे दोन नियम एकत्र आले की ते परस्परांना रद्द करतात. त्यामुळे दाट धुक्यात एकमेकांना न दिसणारे दोन धनुर्धर, दुपारच्या लख्ख उन्हात समोरासमोर उभे असल्यासारखे बाण सोडतात. विरळ धुक्यात तर नेमावर काहीच परिणाम होत नाही. सूत्रधाराने धुक्याचे कितीही सुंदर वर्णन केले तरी फासा ते ऐकत नाही. शब्द आणि परिणाम यांची अशी फारकत झाली की कथेवरचा विश्वास उडतो. २०२४ च्या सुधारित ग्रंथात यशस्वीपणे लपणाऱ्याला 'अदृश्य' ही अवस्था दिली आहे. तेथे संज्ञाच घोटाळ्याची आहे. खडकामागे बसलेला मनुष्य आणि मंत्राने दिसेनासा झालेला मनुष्य यांना एकच नाव देणे भाषेच्या दृष्टीनेही सदोष आहे.

ज्यांच्या कादंबऱ्यांनी या खेळाच्या कल्पनाविश्वाला पुष्कळ सामग्री पुरवली, ते जे. आर. आर. टॉल्किन हे निष्ठावंत कॅथलिक होते. पोरक्या वयात त्यांचा सांभाळ बर्मिंगहॅमच्या एका धर्मगुरूंनी केला. त्यांच्या १९३७ सालच्या 'द हॉबिट' मधील नायक बिल्बो अंगठी घालून अदृश्य होतो. तरीही अखेरच्या लढाईत एक दगड त्याच्या डोक्यावर आदळतो आणि तो बेशुद्ध पडतो. पुढील महाकादंबरीत फ्रोडोच्या अंगावरील चांदीसारखे चिलखत भाल्याचा वार झेलते; त्या वेळी तो शत्रूला स्पष्ट दिसत असतो. अंगठी हे लपण, चिलखत हा आडोसा. अंगठीची किंमत वापरणाऱ्याच्या अंतःकरणाला मोजावी लागते, चिलखताची तशी लागत नाही. हाही फरक लेखकाने नकळत केला असेल असे वाटत नाही.

ग्रंथात उणीव असली तर घरचे नियम करावे लागतात. लपंडावात धाकट्या भावंडाला 'कच्चा लिंबू' म्हणून घेण्याचा नियम कोणत्या ग्रंथात आहे? तरी तो घरोघरी चालतो. माझ्या मते पुढील चार नियम पुरेसे आहेत. पहिला: लढाई सुरू होण्यापूर्वी सूत्रधाराने प्रत्येक वस्तूची जात सांगावी. भिंत आडोसा, ऊस लपण, ओढा दोन्ही. दुसरा: आडोशासाठी पाचव्या आवृत्तीचे २ आणि ५ ठेवावेत, लपणासाठी दानाचे ते दोन-दोन फासे सोडून द्यावेत आणि बाण लागल्यानंतर वीस बाजूंचा फासा पुन्हा टाकावा. विरळ लपणात ४ किंवा कमी आणि दाट लपणात १० किंवा कमी पडल्यास बाण वाया जावा. दोघेही धुक्यात असतील तर दोघांनाही हाच नियम लागावा. तिसरा: लपणातून बाण सोडणाऱ्याची जागा उघड होते, जागा बदलल्याशिवाय त्याला पुन्हा लपता येऊ नये. वाळलेल्या पाचटातून चालणाऱ्याचा आवाजही ऐकू यावा. चौथा: जो नियम खेळाडूंना, तोच सूत्रधाराच्या राक्षसांना.

या नियमांनी खेळ थोडा मंदावतो, हा आक्षेप खरा आहे. दहा-बारा जणांच्या लढाईत प्रत्येक बाणाला दुसरा फासा टाकणे कंटाळवाणे होईल. तेथे दुसरा नियम केवळ दाट लपणापुरता ठेवावा.

सर्वांत अवघड भाग वेगळाच आहे. लपलेल्या पात्राची जागा पात्रांना माहीत नसते, पण टेबलाभोवतीच्या माणसांना माहीत असते. सूत्रधार तर सर्वज्ञच. घरातील वडीलधारा माणूस सूत्रधार असेल आणि धाकट्या मुलाचे पात्र पहिल्याच फेरीत राक्षसाला 'सापडले', तर ते मूल काय समजेल? फासा सूत्रधाराने गुपचूप टाकला तर संशय राहतो. मुलाने उघड टाकला तर कमी दान पडल्याचे पाहून ते लगेच पळ काढते, जणू त्याच्या पात्रालाही ते कळले होते. काही टेबलांवर यावर एक चांगला उपाय करतात: लपण्याचा फासा तेव्हा टाकायचाच नाही, शोधणारा आला की टाकायचा. आपल्या घरी याहून सोपे करता येईल. लपणाऱ्याने फासा वाटीखाली हलवून वाटी तशीच पालथी ठेवावी. शत्रू शोधू लागला की सर्वांसमक्ष वाटी उचलावी. तोपर्यंत मुलालाही ठाऊक नाही आणि वडिलांनाही नाही. कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका नको आणि कोणाच्या प्रामाणिकपणाची परीक्षाही नको. चांगला नियम सज्जनांनाही मोहापासून दूर ठेवतो.

१९८० च्या दशकात अमेरिकेतील काही ख्रिस्ती गटांनी या खेळावर भूतविद्येचा आरोप केला होता, आणि त्याचे पडसाद अजूनही एखाद्या पालकाच्या मनात उमटत असतील. खेळात मंत्र-तंत्र, राक्षस आहेत हे खरे. ते आपल्या परीकथांतही आहेत. पालकाने मुलाला खेळ लपवायला लावण्यापेक्षा एकदा टेबलाशी बसून पाहावे. काय वाईट आहे ते तेथे बसल्यावर निश्चित सांगता येईल, आणि कदाचित सूत्रधार होण्याची पाळीही आपल्यावर येईल.

तशी पाळी आली तर या प्रकरणाचा उपयोग होईल. धाकटे मूल विचारील, "मी उसात लपलो तर बाण लागेल का?" त्याला एका आकड्यात उत्तर देऊन गप्प करू नये. "तू दिसणार नाहीस, पण ऊस बाण अडवणार नाही," असे सांगावे, आणि मग फासा त्याच्या हाती द्यावा.