छातीत कळ आल्यानंतरचे सहा तास

बहुतेक शाळांच्या प्रयोगशाळेत किंवा आरोग्य-दिनाच्या फलकावर हृदयविकाराचा एक तक्ता असतो. तंबाखू नको, मीठ-तेल बेताने, रोज चालावे, वजन व रक्तदाब तपासावा, काळजी करू नये. या तक्त्यात चूक एकही नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांत केलेल्या इंटरहार्ट अभ्यासाने दाखवून दिले की हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांचा संबंध अशाच नऊ घटकांशी लावता येतो. तरीही या तक्त्याविषयी आमची तक्रार आहे. झटका कोणाला येतो एवढेच तो सांगतो. झटका आल्यावर कोण वाचतो, याबद्दल त्यात एक ओळही नसते. मग विद्यार्थ्यांच्या मनात आपोआप दोन समजुती रुजतात. एक, हा बसून खाणाऱ्यांचा रोग आहे. दोन, ज्याला झटका आला त्याचेच काहीतरी चुकले असणार.

या दोन्ही समजुती तपासून पाहायला एक चांगले साधन आपल्याच देशात तयार झाले आहे. ते म्हणजे ‘क्रिएट’ या नावाने ओळखली जाणारी रुग्णनोंदणी. २००१ ते २००५ या काळात ५० शहरांतील ८९ रुग्णालयांत झटका आलेल्या किंवा तशी लक्षणे असलेल्या २०,४६८ रुग्णांची नोंद झाली. डेनिस झेवियर, प्रेम पैस, सलीम युसुफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडले. हा निबंध शिक्षकांनी वाचावा असे आम्हांला वाटते. तो निर्दोष आहे म्हणून नव्हे. आकडे कसे वाचावेत आणि कोठे थांबावे, हे शिकवायला तो उत्तम आहे म्हणून.

पहिली समजूत येथेच कोसळते. नोंदलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक (५२.५ टक्के) निम्न-मध्यमवर्गीय आणि १९.६ टक्के गरीब होते. एका महिन्याच्या आत दगावलेल्यांचे प्रमाण श्रीमंतांमध्ये ५.५ टक्के, तर गरिबांमध्ये ८.२ टक्के निघाले. म्हणजे दर हजार गरीब रुग्णांमागे २७ मृत्यू जास्त.

हे २७ जण कशामुळे गेले? उपचारांचे आकडे पाहू. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन श्रीमंतांपैकी ६०.६ टक्क्यांना मिळाले, गरिबांपैकी ५२.३ टक्क्यांना. रक्तातील चरबी कमी करणारी गोळी ६१.२ विरुद्ध ३६ टक्के. फुगा घालून रक्तवाहिनी उघडण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे अँजिओप्लास्टी, १५.३ विरुद्ध २ टक्के. बायपास ७.५ विरुद्ध ०.७ टक्के. याउलट ॲस्पिरिनसारखी रक्त गोठू न देणारी औषधे जवळजवळ सर्वांना, सुमारे ९८ टक्के रुग्णांना, मिळाली होती. ॲस्पिरिन स्वस्त असते. जे स्वस्त ते सर्वांपर्यंत पोचले, आणि जसजशी किंमत वाढत गेली तसतशी दरी रुंद होत गेली, असे चित्र सर्वसाधारणपणे दिसते.

आता निबंधातला कळीचा भाग. लेखकांनी उपचारांतला हा फरक गणिताने बाजूला काढला, तेव्हा गरीब-श्रीमंतांच्या मृत्यूंतला फरकही नाहीसा झाला. वय, जुने आजार, सवयी हे बाजूला काढून मात्र तो नाहीसा झाला नव्हता. ‘बाजूला काढणे’ म्हणजे काय, हे वर्गात असे सांगता येईल. समजा ‘ब’ तुकडीचा निकाल ‘अ’पेक्षा कमी लागला, आणि ‘ब’मधील अनेक मुलांकडे पाठ्यपुस्तके नाहीत. मग पुस्तक असलेल्यांची पुस्तक असलेल्यांशी आणि नसलेल्यांची नसलेल्यांशी तुलना करायची. तसे केल्यावर दोन्ही तुकड्या सारख्या निघाल्या, तर ‘ब’ची मुले मंद आहेत हे म्हणणे सोडून द्यावे लागते. झटक्याच्या बाबतीत दुसरी समजूत अशीच डळमळते. गरीब रुग्ण जास्त दगावले याचे उत्तर त्यांच्या सवयींत सापडले नाही, मिळालेल्या व न मिळालेल्या उपचारांत सापडले.

पण येथे आम्हांला थोडे अडखळायला होते. पुस्तकांचेच उदाहरण पुढे नेऊ. समजा पुस्तके दुसऱ्या आठवड्यात वाटली आणि काही मुले पहिल्याच आठवड्यात शाळा सोडून गेली. त्यांची नोंद ‘पुस्तक नाही, नापास’ अशी होईल. ती पुस्तकाअभावी नापास झाली असे म्हणता येईल काय? त्याचप्रमाणे रुग्णालयात आल्यावर तासाभरात दगावलेल्या माणसाला चरबीची गोळी किंवा अँजिओप्लास्टी मिळालेली नसणारच. उपचार नाही म्हणून मृत्यू, की मृत्यू लवकर झाला म्हणून उपचार नाही, हे नुसत्या नोंदींवरून पूर्णपणे वेगळे करता येत नाही. त्यामुळे ‘उपचार सारखे दिले की फरक संपेल’ हे वाक्य सिद्ध झालेला नियम म्हणून शिकवू नये. तो एक बळकट अंदाज आहे.

याहून मोठी उणीव दुसरी आहे. ही नोंदणी रुग्णालयाच्या दारात सुरू होते, आणि ती रुग्णालये शहरांतली आहेत. जो दारापर्यंत पोचलाच नाही तो या २०,४६८ मध्ये नाही. आणि निबंधातला आमच्या मते सर्वांत बोलका आकडा नेमका दाराबाहेरचा आहे. मोठा झटका आलेल्यांना लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेल्या वेळेचा मध्यक होता ३६० मिनिटे, म्हणजे सहा तास. आत आल्यापासून गुठळीचे इंजेक्शन मिळेपर्यंतचा मध्यक होता ५० मिनिटे. मध्यक म्हणजे अर्ध्या लोकांना याहूनही जास्त वेळ लागला. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी करोनरी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की अर्ध्या-पाऊण तासातच स्नायू मरायला लागतो. गुठळी पहिल्या दोन-तीन तासांत काढली तर बराच स्नायू वाचतो. बारा तास उलटल्यावर इंजेक्शनाचा फारसा उपयोग उरत नाही. सहा तास ही वेळ या दोहोंच्या मधली आहे.

हे सहा तास जातात कोठे? त्यासाठी पिंपळीला येऊ. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागले की कालव्याच्या पाण्यावरच्या उसाच्या टापूत हे गाव आहे. बारामती अगदी जवळ, पुणे सुमारे शंभर किलोमीटर. सोईच्या दृष्टीने महाराष्ट्रातल्या असंख्य गावांपेक्षा ते भाग्यवान म्हणावे लागेल. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. अशा ठिकाणी पहाटे तीन वाजता दोन माणसांच्या छातीत कळ आली असे समजू. एक बागायतदार, दाराशी गाडी, मुलगा पुण्यात नोकरीला. दुसरा बीडकडून टोळीबरोबर आलेला ऊसतोड कामगार, फडाजवळच्या कोपीत राहणारा. अंतर दोघांना सारखेच आहे. पहिल्याच्या घरी अर्ध्या तासात फोन होतात आणि गाडी निघते. दुसरा प्रथम पित्त झाले म्हणून सोडा पितो. उजाडल्यावर मुकादमाला सांगायचे, तर खाडा पडेल आणि उचलीतून पैसे कापले जातील. कोणत्या दवाखान्यात जायचे हे परक्या मुलखात ठाऊक नसते. शिवाय जोडीदारीण एकटी पडली की कोयता मोडतो. ही माणसे आम्ही कल्पनेने उभी केली आहेत, पण असे अडसर उसाच्या पट्ट्यात शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे आहेत. त्यांतला एकही भिंतीवरच्या तक्त्यात नाही.

‘क्रिएट’नंतर परिस्थिती बदलली आहे, हेही सांगितले पाहिजे. राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुणे जिल्हा त्यांत नव्हता, तो २०१३ च्या अखेरीस आला. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य येते. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. साधा ७,२६० रुपये, औषधी लेपाचा २९,६०० रुपये. म्हणून २००५ पर्यंतचे आकडे जसेच्या तसे आजचे म्हणून कोणी शिकवू नयेत. पण या सुधारणा मुख्यत्वे बिलाच्या आणि वाहनाच्या आहेत. खाडा त्या भरून देत नाहीत.

सवयी आणि परिणाम यांची फारकत केवळ भारतातली नाही. १७ देशांतील दीड लाखांहून अधिक लोकांच्या ‘प्युअर’ अभ्यासात (२०१४) धोक्याचे घटक श्रीमंत देशांत सर्वांत जास्त आणि गरीब देशांत सर्वांत कमी आढळले. भारत या गरीब गटात होता. तरी झटका, पक्षाघात अशा गंभीर घटना झालेल्यांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत देशांत ६.५ टक्के, तर गरीब देशांत १७.३ टक्के होते. शहरांपेक्षा खेड्यांत धोका कमी आणि मृत्यू जास्त, हाही उलटा मेळ त्यात आहे. याच अभ्यासाच्या २०१९ च्या विश्लेषणात गरीब देशांतील कमी शिकलेल्यांना अशा गंभीर घटनांचा धोका जास्त शिकलेल्यांच्या दुपटीहून अधिक दिसला. आणि शिक्षणाचा हा संबंध घरातील संपत्तीपेक्षा ठळक होता. शिक्षकांनी यावर हुरळून जाऊ नये. शाळेतले काय उपयोगी पडते, वाचता येणे, दवाखान्यात न घाबरता बोलता येणे की चांगली नोकरी, हे त्यातून कळत नाही.

उपचार मिळाले की सगळे संपले, असेही नाही. लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. तेथे सर्वांना सरकारी आरोग्यसेवा उपलब्ध होती, तरीही निरोप्यांसारख्या सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या साडेतीन पट निघाले. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही फरकाचा मोठा भाग शिल्लक राहिला. मायकेल मार्मट यांनी त्याचा संबंध कामावरील स्वतःच्या ताब्याशी जोडला. मात्र ती सारी कचेरीतली, पक्क्या पगाराची पुरुष मंडळी होती. फडातल्या बाईवर तो निष्कर्ष सरळ लावणे घाईचे होईल.

आमची सूचना साधी आहे. तक्ता भिंतीवरच राहू द्यावा. त्याच्या शेजारी एक कोरा कागद लावून त्यावर सहा तासांची रेघ आखावी, दर अर्ध्या तासाला एक खूण. आपल्या गावात पहाटे तीनला छातीत कळ आलेला माणूस प्रत्येक खुणेपाशी कोठे असेल, हे विद्यार्थ्यांनी घरी विचारून भरावे. शेतमजुराच्या, दुकानदाराच्या, विधवा आजीच्या घरची रेघ वेगवेगळी काढावी. १०८ ला फोन कोण करील, हेही लिहावे. जी खूण कोरी राहील तिच्यापाशी वर्गात बोलायला सुरुवात करावी.