'वेंगा' आणि 'मि पेंतो'

इटालियनची शालेय व्याकरणे 'कोंजुंतीवो' हे क्रियारूप संशयाचे, अनिश्चिततेचे म्हणून हातावेगळे करतात. आम्हांस हे अपुरे वाटते. 'देव आहे असे मी मानतो' हे त्या भाषेत सांगताना 'आहे'साठी निश्चयार्थी 'एझिस्ते' न येता 'एझिस्ता' येते. म्हणून का बोलणाऱ्याची श्रद्धा डळमळीत ठरते? 'मला ठाऊक आहे' म्हटले की 'एझिस्ते' परत येते. रूप ठरते ते आधीच्या क्रियापदावरून. प्रभूच्या प्रार्थनेतील 'वेंगा' पाहावे. तेही कोंजुंतीवोच, पण त्यात शंकेचा लवलेश नाही, आस आहे. आपल्या 'येवो'तील अंत्य 'ओ' तेच काम करतो.

आत्मवाचक क्रियापदांची गोष्ट अधिक नाजूक. 'लावार्सी' म्हणजे स्वतःला धुणे. त्यातले 'लावारे' सुटेही चालते. मूल धुता येते, वस्त्र धुता येते. पुस्तके त्याच रांगेत 'पेंतिर्सी', म्हणजे पश्चात्ताप करणे, बसवतात. परंतु 'पेंतीरे' असे सुटे क्रियापद आजच्या इटालियनमध्ये नाही. दुसऱ्याच्या वतीने पश्चात्ताप करण्याची सोयच नाही! 'मि पेंतो'तील 'मि' हा आपला 'मी' नव्हे, तो 'मला, स्वतःला'. खरा 'मी' दडला आहे शेवटच्या 'ओ'मध्ये, आणि तोच कर्ता आहे. मराठीत मात्र ओठांवर सहज येते ते 'मला पश्चात्ताप होतो'. जणू पाऊस यावा तसा तो आपल्यावर येतो. पापनिवेदनाच्या प्रार्थनेत 'मि पेंतो'साठी आम्ही म्हणूनच 'होतो' टाळून 'करतो' लिहितो.